सात कोकरांचा बाप

"निकाल वाचायच्या आधी माझं ऐकून घे, मुली," मुकाश म्हणाला आणि त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

असिपा पैदास केंद्रात मेंढ्यांचं रक्त तपासायची. खिडकीपाशी संचालक झुमाबाय बसला होता. मुकाशने त्याला सलाम केला नव्हता. गेली चार वर्षं तो करतच नव्हता.

"मी बाहेर जातो," झुमाबाय म्हणाला. "माझं तोंड बघून म्हाताऱ्याचा चहा नासेल."

"बस तिथंच. तूही ऐक."

मुकाशची बायको बुरुल गेल्या हिवाळ्यात वारली. तीस वर्षं खपून तिने या डोंगरातल्या थंडीत तगणारी, मऊ लोकरीची मेंढी घडवली होती. कोणती मेंढी कोणत्या मेंढ्याला दाखवायची, ते तीच ठरवायची. "माणसाला सात पिढ्यांचे बाप तोंडपाठ लागतात, मग मेंढीला का नकोत?" असं म्हणायची. प्रत्येक कोकराचा बाप तिने स्वतःच्या हाताने वहीत लिहिला होता.

आता त्या वाणाला तिचं नाव मिळणार होतं. अट एकच होती. वही आणि रक्त जुळलं पाहिजे. एक बाप खोटा निघाला तरी सगळी वही बाद, आणि बुरुल खोटारडी.

"वही खोटी आहे," मुकाश म्हणाला. "सात कोकरांपुरती. पण खोटी बुरुल नव्हती. मी होतो."

असिपाने हातातला कागद खाली ठेवला.

"चार वर्षं झाली. शरदातली गोष्ट. बुरुल आठवडाभर नारिनला बहिणीकडे गेली होती. कळप माझ्या एकट्याच्या हवाली. तो वाकड्या जबड्याचा पारखी मेंढा होता ना?"

माजावर आलेली मेंढी ओळखायला पारखी मेंढा कळपात सोडतात. त्याच्या पोटाखाली नमदा, म्हणजे लोकरीचा जाड पट्टा, बांधलेला असतो. तो हुंगतो, चढतो, पण त्यापुढे त्याचं काही चालत नाही. जबड्याचा दोष पिलांत उतरतो म्हणून बुरुलने त्याला बाद करून या कामाला लावलं होतं.

"आदल्या दिवशी भाच्याचं लग्न. भरपूर प्यायलो होतो. सकाळी नमदा न बांधताच त्याला सोडला आणि गवतात आडवा झालो. दुपारी डोळे उघडले तर..."

"तर गड्याने नुसतं पारखलं नव्हतं," झुमाबाय म्हणाला.

मुकाशचे कान लाल झाले.

"सात मेंढ्या होत्या. बुरुल आल्यावर मी तिला म्हटलं, तू नव्हतीस तेव्हा या सात मेंढ्या एका चांगल्या मेंढ्याला दाखवल्या. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, 'बरं केलंत,' म्हणाली आणि वही उघडली. मी बाहेर निघून गेलो. त्यानंतर त्या वहीकडे बघायची मला छातीच झाली नाही."

त्याने झुमाबायकडे पाहिलं. "पुढच्याच वसंतात, कोकरं झाल्यावर, तू तिला निवडीच्या कामावरून काढलंस आणि पुतण्याला बसवलंस. तिला लोकर निवडायला धाडलंस. सगळ्यांसमोर मी तुझा बाप काढला होता."

"आजाही काढला होतास."

"ते मी मागे घेणार नाही. पण घरी तिलाही बोललो. म्हटलं, तुझ्या तिखट जिभेनं घालवलंस सगळं. ती हसली आणि माझ्या वाटीत चहा ओतला." मुकाशने गुडघ्यावरची टोपी मुठीत धरली. "माझ्या नावापुढे काय लिहायचं ते लिहा. गावभर सांगा. पण वाणाला तिचंच नाव राहू द्या."

असिपाने कागद पुढे सरकवला.

"मुकाश-अके, निकाल कालच आला. वही आणि रक्त जुळलं. एकही चूक नाही."

"कसं जुळेल? त्या सात कोकरांचं?"

"त्यांचंसुद्धा."

"यंत्र बिघडलं असेल तुझं."

झुमाबाय उठला. त्याने कपाटातून वही काढली आणि पानं उलटू लागला.

"तिने शपथ घातली होती, तुला कळू द्यायचं नाही म्हणून," तो म्हणाला. "नाहीतर तुझ्या एवढ्या शिव्या मी कशाला खाल्ल्या असत्या?"

त्याने वही मुकाशच्या पुढ्यात ठेवली. बुरुलचं बारीक, उभं अक्षर होतं. सात कोकरं. सातांच्याही पुढे बाप म्हणून वाकड्या जबड्याचा पारखी मेंढा. पानाला केंद्राच्या चौकशीचा छापील कागद डकवलेला होता, तारीख त्याच वसंतातली, खाली तिची सही. निष्काळजीपणा कोणाचा, असं विचारलेल्या रकान्यात तिने लिहिलं होतं: माझा.