गिरणी चालू असताना

गिरणीत धान्याचे नऊ डबे होते, पाच बायका, त्यांतल्या एकीचा नवरा आणि स्वयंसेविका शाल्मलीने भिंतीवर नुकतंच लावलेलं पत्रक. "घरात मारहाण होतेय, पण बोलता येत नाही? मग असं करा," ती दाखवत होती. तळवा समोर, अंगठा आत, वर चार बोटं मिटलेली. "ज्याला दिसेल त्याने पोलिसांना फोन करायचा."

"लोकांचे संसार मोडायला आलीस होय गं?" गिरणीवाल्या तात्यांनी पत्रक टराटरा फाडलं.

"शाबास, तात्या! हिलाच कुणीतरी नवरा बघा," तो नवरा खदखदून हसला.

तुकडे उचलताना शाल्मलीने वर पाहिलं. हसणाऱ्याच्या पाठीमागे त्याच्या बायकोने तळवा उघडला, अंगठा आत घेतला, बोटं मिटली. तात्यांनीही ते पाहिलं.

"आमचं दळण आधी घ्या," नवरा म्हणाला.

"नंबराने!" म्हणत तात्यांनी खटका दाबला. गिरणी धडधडू लागली, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. तेव्हा ते शाल्मलीच्या कानाशी वाकून खेकसले, "बघतेस काय, शहाणे? बाहेर जाऊन लाव की फोन!"

पोलीस चौदाव्या मिनिटाला आले.