सव्वा मीटर

जिना काही बसेना. क्रेनने तो तलावाच्या तळाला अलगद टेकवला, तर त्याचं वरचं टोक काठाच्या चांगलं सव्वा मीटर वर जाऊन उभं राहिलं.

"तुम्ही पाच मीटर सांगितलेत, मी पाच मीटर केला," वेल्डर म्हणाला. "आता काय मॅडम, तलाव खोल करू?"

मजूर खो खो हसले. धाकटीला काही हसू आलं नाही. घरात ती धाकटी, इथे साइट इंजिनिअर. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या या जलतरण केंद्राचं आता वाचनालय होणार होतं. उघड्या काँक्रीटचं उंच छप्पर, भिंतभर काचा, नक्षीचा कुठे ठिपकासुद्धा नाही. पाडायला निघालेली इमारत मोठ्या मुश्किलीने वाचली होती. उड्या मारायच्या तलावात वाचनाचा हॉल होणार होता आणि त्यात उतरायला हा जिना. तळाला गाळ साचलेला, म्हणून तिने खोली जुन्या नकाशावरून उचलली होती. काठावर निळ्या रंगात पाचच लिहिलेलं होतं.

गाळ कालच निघाला. आता तिने स्वतः टेप लावला. पावणेचार. पुन्हा लावला. पावणेचारच. मग तिने तळाची फरशी फोडायला लावली. खाली जुनं काँक्रीट आणि त्याखाली अखंड खडक. म्हणजे नंतर कुणी भर घातली नव्हती. खोदताना खडक लागला आणि ठेकेदाराने तिथेच काम उरकलं.

धाकटीने मान वर करून उडीच्या मनोऱ्याकडे बघितलं.

चौतीस वर्षांपूर्वी, तलाव सुरू झाला त्या पहिल्याच दिवशी, तिच्या ताईने दहा मीटरच्या मनोऱ्यावरून इथे उडी मारली होती आणि ती तळावर आपटली होती. सतरा वर्षांची पोर. पुन्हा कधी उभी राहिली नाही. तिला शिकवणारे बाबा, वर चढवणारेही बाबाच. चौकशी लागली, तर पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, "चूक माझी. तिची तयारी नव्हती, मी घाई केली." चौकशी संपली. उडीच्या तलावाला कुलूप लागलं. आईने बाबांना घराबाहेर काढलं, ते पुन्हा तोंड बघितलं नाही. ताईने त्यांचं नावच टाकलं. धाकटी अधूनमधून चोरून त्यांना भेटायला जायची, पण तिच्याही मनात अढी होतीच.

आणि बाबांची चूकच नव्हती! अरे देवा, काय काय बोललो आपण या माणसाला!

तिने आईला फोन लावला. "आई, बाबांचं काही चुकलं नव्हतं! तलावच उथळ आहे गं!"

 "किती?"

"सव्वा मीटर."

फोन बंद झाला. रडत असेल, धाकटीला वाटलं. रडू दे, चौतीस वर्षांचं साचलंय. लगेच तिने बाबांना बोलावून घेतलं. ते दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहायचे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी धापा टाकत आले. तिने सगळं एका दमात सांगितलं. ते तलावाकडे बघेचनात.

"आईला नको सांगूस."

"सांगितलं पण."

 "अगं, काय करून बसलीस!"

"म्हणजे?"

"मला माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी दोरीला दगड बांधून सोडला होता मी."

 धाकटीला असा काही संताप आला की आवाज चिरकला. "माहीत होतं आणि गप्प बसलात? का, बाबा?"

बाबा दाराकडे बघत होते. दारात आई उभी होती.

चौऱ्याहत्तर वर्षांची आई. ताईला उचलून उचलून पाठीत वाकलेली. ती कुणाशी काही न बोलता काठाशी आली. चपला काढल्या. "टेप दे."

"आई, मोजलंय मी."

"दे म्हटलं ना."

ती शिडीवरून उतरायला लागली. "अगं, पडशील!" बाबा ओरडले. चौतीस वर्षांत तिच्याशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द. ती थांबली नाही. टेपचं वरचं टोक धाकटीने धरलं, खालचं आईने फरशीला टेकवलं. आकडा तिने डोळे बारीक करून दोनदा वाचला.

"तेव्हा उतरायला हवं होतं," ती खालून म्हणाली. "बांधकाम खात्यात हा तलाव माझ्याकडेच होता. खोली तपासल्याचा दाखला मी दिलाय. आले तेव्हा पाणी भरलेलं होतं. नकाशा बघितला आणि सही केली."

 धाकटीच्या हातातला टेप सुटून खाली गेला.

आईने मान वर केली. बाबांकडे बघत म्हणाली, "माझी सही आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"पोरीसमोर खुनी म्हणाले मी तुम्हाला! तेव्हा तरी का नाही बोललात?"

बाबा गुडघ्यांवर हात टेकत काठावर बसले.

"बापाचा राग धरून पोर जगते गं," ते म्हणाले. "पण जे हात तिला रोज उचलणार, न्हाऊ घालणार, त्या हातांचा राग धरून ती कशी जगली असती?"