कडीवरचा हात

पहार दाराआड उभी करून इद्रीस जुम्म्याच्या नमाजाला गेला. परत आला तरी ती तिथंच होती. कुणी हलवली नव्हती. म्हणजे घरात सगळ्यांना कबूल होतं.

पादरी चार वाजता येणार होता. त्याचं जहाज इथं आखातात, शुऐबा बंदराच्या धक्क्याला, दोन दिवस थांबलं होतं. इद्रीसच्या मेलेल्या भावाचं, कमालचं, घड्याळ घरच्यांच्या हाती द्यायचंय, असा त्याचा निरोप आला होता.

"घड्याळ द्यायला येतोय!" इद्रीस थुंकला. "आफ्रिकेत हाच धंदा यांचा. आधी शाळा देतात, मग औषध देतात, मग माणसाचं नाव बदलतात. आणि जीव वाचवायची वेळ आली की दाराला कडी!"

"औषधाचं बोलू नको रे," त्याची आई खतिजा म्हणाली. "तू नि कमाल, दोघं याच पादऱ्याच्या मिशनच्या इस्पितळात जन्मलात. तुला पहिली अंघोळ गोऱ्या नर्सनं घातली. बदललं का कुणी तुझं नाव?"

"मग माझ्या भावाला का मरू दिलं?"

खतिजानं पाण्याचं भांडं उचलून पडद्याआड नेऊन ठेवलं.

कमालची हकीकत घरात पाठ होती. चार वर्षांपूर्वी, चौसष्टच्या जानेवारीत, आफ्रिकेजवळच्या जंगबार बेटावरच्या बंडात कोयते घेतलेली माणसं दुकानांत शिरली. कमाल आणि त्याची बायको शहरबानू मिशनकडे पळाली. ती पुढे होती, आत शिरली. कमाल पोचेपर्यंत दार बंद. तो बाहेरून दार बडवत होता, आत पादऱ्याचा हात कडीवर. तिथंच, पायरीवर, कमालला तोडलं. हे शहरबानूनं सांगितलं होतं. ती आत होती, तिच्या डोळ्यांदेखत सगळं झालं होतं.

शहरबानू मुळात बोलायची कमी. हसली तरी ओठ मिटून. वरचा पुढचा एक दात नव्हता. खतिजा ते हसून सांगायची, "लग्नानंतरची पहिलीच ईद. मटण खारट झालं, तर कमालनं एक ठेवून दिली. हात जड होता माझ्या लेकाचा, पण मन लोण्यासारखं."

"भाबी, तू पडद्याआड थांब," इद्रीस म्हणाला. "तुला बघवायचं नाही."

"बघवेल," शहरबानू म्हणाली आणि पडद्याआड गेली.

पादरी आला. म्हातारा, वाकलेला. भिंती भट्टीसारख्या तापल्या होत्या, तरी झग्याच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद. त्यानं घड्याळ चटईवर ठेवलं. मोडक्या हिंदीत दोन शब्द दुःखाचे बोलला.

इद्रीसनं दार लावून घेतलं.

"त्या दिवशी कडीवर तुझा हात होता?"

"होता."

"मग उघडली का नाहीस?"

पादऱ्यानं पडद्याकडे पाहिलं. "उघडता आली नाही."

"भेदरलास! बाहेर माणूस तुटत होता आणि देवाचा माणूस आत भेदरला! कोणता हात?"

"उजवा," पादरी म्हणाला, आणि त्यानं तो आपणहून उंबऱ्यावर ठेवला.

इद्रीसच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे यातही हाच मोठा होणार! त्यानं दोन्ही हातांनी पहार उचलली आणि घातली. हाडं सुक्या फाट्यासारखी मोडली. पादरी गुरासारखा ओरडला. इद्रीसनं पुन्हा उचलली.

"बस!" खतिजा मधे पडली. "हात मोडायचा ठरला होता. मुडदा नाही पाडायचा माझ्या घरात. पाणी आण."

पाणी पडद्याआडच होतं. तिकडून कुणी हललं नाही.

इद्रीसनंच भांडं आणलं. खतिजानं रक्तानं चिकटलेली बाही कोपरापर्यंत फाडली, पाणी ओतलं, आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

मनगटाच्या वर जुना व्रण होता. माणूस चावल्याचा. खोल रुतलेले दात एकेक मोजता यावेत असा, आणि वरच्या ओळीत, अगदी पुढे, एका दाताची जागा कोरी.