शेवटच्या रांगेपर्यंत

“खर्रा थुक आधी, मंग राजा हो!” कुसुमबाई शेवटच्या रांगेतून ओरडल्या.

चिंधू रंगमंचावरून उतरला, बाहेर जाऊन तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून आला आणि पुन्हा राजा झाला.

हिंगणघाटची ती टॉकीज कित्येक वर्षं बंद होती. सिनेमाचं यंत्र भंगारात गेलेलं, पडद्याची घुशींनी चाळणी केलेली. कापडाची मिल बंद पडली तशी जन्मभर मागांच्या खडखडाटात राबलेली मागखात्यातली माणसं आधी नुसतीच चहाच्या टपरीवर बसून राहिली. मग त्यांच्यातल्याच कुसुमबाईंनी टॉकीजच्या मालकाची, अण्णाजींची, पाठ धरली. खुर्च्या ठोकल्या, कबुतरं हाकलली, आणि सिनेमा नाही तर नाटक, असं ठरवून टाकलं.

अण्णाजींकडे सोयाबीनच्या गोदामासाठी गिऱ्हाईक आलेलं. पण बाई दारातून हलेनात.

“एक खेळ करा,” ते शेवटी म्हणाले. “मी मांगच्या रांगेत बसतो. खेळ संपायच्या आधी एक माणूस जरी उठून गेला, तर दुसऱ्या दिवशी पोते येतीन.”

“मांगच्या माणसाले समजलं पाहिजे, एवढंच ना जी?”

“एवढंच.”

म्हणून तालमीला कुसुमबाई शेवटच्या रांगेत बसत. शब्द पोचला नाही की हात वर. चिंधूने राजासाठी हौसेने मिशी वाढवली होती, ती त्यांनी उतरवायला लावली. सगळे दिवे चेहऱ्यांवर घेतले. राणी झालेली जयवंता वळून बोलली की त्यांचा जीव खालीवर होई.

“पाठीनं काऊन बोलून राह्यली वं?”

“राजावर रुसली ना मी!”

“रुस ना मंग. आमच्याकडं पाहून रुस.”

एकदा अण्णाजी रस्त्याने जाताना डोकावले. “तालीम करून राह्यले का झोपून राह्यले? बाहेर तं काहीच येत नाई.”

कुसुमबाईंनी वळूनही पाहिलं नाही. ते समोर येऊन पुन्हा बोलले.

“तुम्हीबी खर्रा थुका, मंग बोला,” बाई म्हणाल्या. “अन् ओरडा कायले करायचा? स्पीकर हाय ना. काय रे चिंधू?”

“लाल दिवा लागते न बराबर!” चिंधूने सांगितलं.

खेळाच्या दिवशी टॉकीज भरली. सगळं मागखातं आलेलं, नवरा-बायको जोडीने, इस्त्रीच्या कपड्यांत. अण्णाजी मागच्या रांगेत बसले. खिशात कुलूप होतं.

राजा शिकारीला जातो आणि उशिरा परततो, एवढीच गोष्ट. चिंधूने तोंड उघडलं आणि सगळी माणसं एकदम पुढे झुकली. अण्णाजींनी कानात बोट घालून हलवलं. वय झालं आपलं, असं त्यांच्या मनात आलं.

जयवंता रुसली, तेव्हा टॉकीजचे पत्रे हादरतील असं हसू उठलं. मग फाटकावरचा पहारेकरी राजालाच ओळखेना. राजा आपलं नाव सांगत राहिला, पुन्हा पुन्हा. हसू थांबलं. वरच्या पंख्याची कुरकुर तेवढी चालू होती. अण्णाजींच्या शेजारचा गडी डोळ्याला रुमाल लावायचा आणि लगेच काढायचा, जणू तेवढ्यात काही निसटून जाईल.

असली माणसं अण्णाजींनी या टॉकीजमध्ये कधी पाहिली नव्हती. सिनेमाच्या भरभराटीतही नाही. कोणी कुजबुजलं नाही, कोणी उठलं नाही. अण्णाजीही कधी पुढे झुकले, ते त्यांना कळलं नाही.

खेळ संपला. टाळ्या चालू असतानाच ते कडेकडेने पडद्यामागे गेले. स्पीकरचा लाल दिवा लागलेला होता. वायर मात्र घुशींनी मधोमध कुरतडलेली. उघड्या तांब्यावर हिरवा गंज चढला होता, जुना, वर्षांचा. मागांनी कान नेलेलं सगळं मागखातं इतका वेळ ओठ वाचत होतं, हे अण्णाजींना तेव्हा उमगलं.

मागून कुसुमबाई आल्या, पदराने डोळे पुसत.

“आवाज कसा वाटला जी, मांगं?”

अण्णाजींनी खिडकीतून खर्रा थुंकला. खिशातलं कुलूप किल्लीसकट बाईंच्या हातावर ठेवलं. मग ते दिव्याच्या उजेडात सरकले आणि आवाज न काढता, ओठ पूर्ण उघडून म्हणाले, “एकदम साफ.”

“मंग!” कुसुमबाई म्हणाल्या.