वागळेची गाडी

चाकणच्या मिसळवाल्याकडे श्रीपाद कुंभोजकर आणि त्याचा मित्र वागळे दर रविवारसारखे गाड्यांवरून भांडत होते.

"बॅटरी चीनची, मोटर कोरियाची. तुझ्या गाडीत तुझं काय आहे रे?" वागळेने विचारलं.

"मी बसतो ना तिच्यात!"

बाहेर दोघांच्या इलेक्ट्रिक गाड्या शेजारी उभ्या होत्या. कारखान्यांना सुटे भाग पुरेनासे झाल्यापासून गाड्या पार्किंगमध्ये आपसांतच भाग बदलून घेत. मालकांनी मोबाइलवर फक्त 'हो' म्हणायचं.

श्रीपाद वर्षभर 'हो' म्हणत आला होता. आपल्या भागांच्या बदल्यात वागळेही 'हो' म्हणत होता, ते श्रीपादला विचित्र वाटायचं. वागळेचे दिवे आले, मग बॅटरी, मग चारही दारं. आज शेवटचं स्टिअरिंगही आलं. श्रीपाद राजासारखा आत बसला.

तेवढ्यात समोरून वागळे निघाला. गाडी कशी लोण्यासारखी वळली!

"बघ, याला म्हणतात गाडी," श्रीपाद स्वतःच्या गाडीला म्हणाला. "पुढच्या रविवारी तिचे दिवे माग."

गाडीच्या स्पीकरमधून आवाज आला.

"साहेब, ती सगळी तुमचीच गाडी आहे. वर्षभर आपणच दिलीय."

"असेल," श्रीपाद म्हणाला. "पण आता वागळेची आहे ना!"