रक्त नाही

“तुम्ही जरा बाहेर थांबता का?” डॉक्टर अभिनव म्हणाले.

“नाही,” चेतना म्हणाली. “मी इथेच बसते.”

खाटेवर तिचे वडील, धर्मपाल, पडले होते. पोट नगाऱ्यासारखं ताठ फुगलेलं, ओठ पांढरे. सकाळी बाथरूममध्ये कोसळले, तिथून थेट या दवाखान्यात आणलं. डॉक्टर तरुण सर्जन होते, नागपूरहून इथे आलेले. त्यांनी चेतनाला दारातच सगळं सांगितलं होतं. मोठं आतडं सुजून फुटायच्या बेताला आलंय. आजच काढावं लागेल. पण अंगात रक्तच उरलेलं नाही, त्यामुळे टेबलावर काय होईल सांगता येत नाही. आणि हे काही एका दिवसात झालेलं नाही, शौचावाटे महिनोन्‌महिने रक्त जात असणार.

हे शेवटचं वाक्य काही केल्या चेतनाच्या डोक्यात शिरत नव्हतं. तिनं फाईल डॉक्टरांपुढे धरली.

“वाचा ना सर. दर वेळी लिहिलंय, रक्त नाही. त्याच्यावरच तर जुन्या डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या.”

फाईल म्हणजे चेतनाचा जीव. शहरातल्या तेलीबांधा भागात एका ऑफिसात ती मेडिकल कोडर होती. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद तिथे येत. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि विम्यासाठी प्रत्येक आजाराला त्याचा कोड द्यायचा, हे तिचं काम. बाबांच्या आजाराचे कोड तिला तोंडपाठ होते. आतड्याची तीच सूज, पण रक्त पडत असेल तर कोड वेगळा, नसेल तर वेगळा. आणि या धंद्यातला पहिला धडा एकच: डॉक्टरांनी लिहिलं नाही, ते झालंच नाही. तो धडा तिच्या हाडीमासी खिळला होता.

म्हणून आई गेली तशी बाबांची फाईल तिनं स्वतःच्या हातात घेतली. डॉक्टर मंडळींना सदा घाई, आणि बाबा पडले अबोल. काही लिहायचं राहून गेलं तर? ती दर वेळी रजा टाकून जुन्या डॉक्टरांकडे सोबत जायची. बाबांच्या बाजूला खुर्ची ओढायची आणि डोळ्यांत तेल घालून डॉक्टरांच्या पेनाकडे बघायची.

“सर, रक्ताचं विचारायचं राहिलं,” ती आठवण करून द्यायची.

डॉक्टर विचारायचे. बाबा मान खाली घालून म्हणायचे, “नाई.”

“लिहा ना सर, रक्त नाही.” डॉक्टर लिहायचे, आणि तिच्या जिवाला बरं वाटायचं. पाऱ्यात, आसपासच्या वस्तीत, सगळे तिचं कौतुक करत. पोरगा असता तरी इतकं केलं नसतं, म्हणत.

बाबाही सुधारले, असंच तिला वाटत होतं. आईच्या हयातीत ज्यांनी कधी रुमाल धुतला नाही, ते आता आपले कपडे स्वतः धुवायला लागले होते, तेही कोणी उठायच्या आत. शेजारच्या मीराकाकू चिडवायच्या, रेल्वेत उभी हयात गेली तरी शिस्त लागली नाही, ती आता लागली. फक्त दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं तेवढं त्यांनी सोडलं. इतक्या लांबचा प्रवास, इतकी गर्दी. आईचं नाव घेऊन “कलावतीबिगर करमत नाई,” म्हणाले. चेतनाला ते खरंच वाटलं. न वाटायला काय झालं?

“ताई, पाच मिनिटं,” डॉक्टर पुन्हा म्हणाले. “मला त्यांच्याशी बोलायचंय.”

“माझ्यासमोर बोला ना सर. मी नसले की कोणी काही नीट लिहीत नाही.”

तेवढ्यात बाबांनी डोळे उघडले. सलाईनचा हात आणि मोकळा हात, दोन्ही कसेबसे एकत्र आणून त्यांनी मुलीपुढे जोडले.

“जाय ना बाई भायेर.”

चेतनाला ते फार लागलं. इतकं करून शेवटी परक्यासारखं बाहेर काढलं! ती उठली, फाईल खुर्चीवर ठेवली आणि बाहेर आली. दार मात्र तिनं पुरतं लावलं नाही. आत काय लिहितात, ते कळायला नको?

“काका, संडासला रक्त पडतं का?”

“पडते.”

“कधीपासून?”

“पयले पडे, मंग बंद झालं होतं. कलावती गेली अन् काई दिवसांनी पुन्हा सुरू झालं. आता तं रोजच पडून राहिलं. कपडे खराब होते.”

चेतनाचा हात दारावर तसाच राहिला. पहाटे नळाखाली वाजणारी बादली तिला आठवली.

“मग त्या डॉक्टरांना काहून नाही सांगितलं, काका? औषध वाढवलं असतं त्यांनी. ही वेळ आली नसती.”



“पयले माही बायको सांगे, साहेब. मले बोलायचं कामच नोहतं पडत. ते गेली, मंग पोरगी येऊन बाजूले बसे. बापानं पोरीसमोर असं कसं सांगाव?”

चेतनाला हंबरडा फोडावासा वाटला. तिनं पदर तोंडात कोंबला. आत डॉक्टरांनी खुर्चीवरची फाईल उचलल्याचा आवाज आला, आणि मग बाबांचा, घाईघाईचा, काकुळतीचा.

“हे तेवढं फाइलीत लिहू नका, साहेब. पोरगी वाचते.”