तिसरीचा वाटा

घरी एका ओट्याशी दहा मिनिटं न पटणाऱ्या दोघी जावा गेले चाळीस दिवस एका होडीतून महासागर पार करत होत्या. एकीने दोन तास वल्हवायचं, तोवर दुसरीने केबिनमध्ये झोपायचं. फार थकलात की होडीत तिसरं कुणी बसल्याचा भास होईल, घाबरू नका, असं डॉक्टरांनी निघतानाच बजावलं होतं.

पाळी बदलायला थोरली डोळे चोळत बाहेर आली. तळहातांचे फोड चुरचुरत होते, म्हणून वल्ही धरण्याआधी जपून ठेवलेलं शेवटचं चॉकलेट खावं म्हटलं, तर डब्यात नुसता कागद.

"चॉकलेट कुठाय गं?"

"तिसरी आली होती, जाऊबाई," धाकटी साळसूदपणे म्हणाली. "मी नको नको म्हणेपर्यंत तिने मटकावलंसुद्धा."

थोरलीने तिच्या हनुवटीवरचा तपकिरी डाग नीट पाहून घेतला. ओठांवर आलेलं भांडण गिळलं.

 

"खाऊ दे बिचारीला. आता माझे दोन तास तिलाच वल्हवायला सांग," एवढं म्हणून ती परत केबिनमध्ये शिरली आणि तिने आतून कडी लावली.